गाडीखालचा तेलाचा डाग : २ लाख ४३ हजार किमी झालेल्या इंजिनाची गळती कशी शोधावी?

घाटमाथा | १६ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

गाडी बाबांची. २०११ची पेट्रोल, चार सिलिंडर, एमएच-११ म्हणजे सातारा पासिंग. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे वयाचं दुखणं आहे, कोणत्याही गाडीला होतं. बाबा गेल्यापासून तीन वर्षं मीच चालवते. रोज गोडोली ते पोवई नाका, महिन्यातून एकदा आईला घेऊन वाईच्या ढोल्या गणपतीला, आणि कधीतरी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूला.

दिवाळीच्या आधीपासून अंगणातल्या शहाबादी फरशीवर सकाळी वाटीएवढा काळा डाग दिसतोय. घाट चढून वर आलं की जळक्या तेलाचा वास आत येतो. तेल मोजायच्या काडीवरची पातळी दीड हजार किमीत वरच्या खुणेवरून खालच्या खुणेला आली.

एका गॅरेजमध्ये गाडी खड्ड्यावर घेतली. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल ठिबकत होतं. ते बघून ‘फ्लायव्हील साइडचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, त्यातच क्लचप्लेट बदलून घ्या’ असं सांगितलं. म्हणजे इंजिनाच्या मागच्या टोकाला तेल अडवणारं रबरी कडं गळतंय. खर्च १६ हजार. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, ‘जुनी गाडी आहे, वरून तेल टाकत राहा, नाहीतर विकून टाका.’

विकायची नाही. मार्चमध्ये १५ वर्षं पुरी होतील, आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण करून पुढची ५ वर्षं वापरायची आहे. पण खरंच सील गेलंय का, हे कळल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवायला मन घेत नाही. काय करू?

---

मिरजेचा मिस्त्री | १६ नोव्हेंबर, रात्री १०.२५

ताई, गिअरबॉक्सला अजून हात लावू देऊ नका. सव्वीस वर्षं पाना धरतोय. मागचं, म्हणजे फ्लायव्हील साइडचं, सील म्हणून आलेल्या गाड्यांत निम्म्याहून जास्त वेळा तेल वरून आलेलं असतं.

पाऊस गच्चीवर पडतो आणि ओल जिन्याखाली दिसते, तसंच हे आहे. तेल वरून खाली ओघळतं आणि गाडी पळताना वारा त्याला मागं ढकलतो. टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण. त्याच्या मागच्या कोपऱ्यातून सुटलेला थेंब हेडवरून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावरून, मग खालच्या ब्लॉकवरून उतरत गिअरबॉक्सच्या सांध्याशी येतो आणि तिथून खाली पडतो. खड्ड्यातून वर बघणाऱ्याला फक्त शेवटचं टोक दिसतं. म्हणून सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची.

पण सध्या सगळं इंजिन चिखल झालेलं असणार. त्यात काहीच कळणार नाही. आधी धुवा, मग गाडी चालवा, मग बघा. आणि दोन गोष्टी सांगा : थेंब फक्त इंजिन चालू असताना पडतात की बंद गाडीखाली रात्रभर पडतात? आणि घाट चढल्यावर गळती वाढते का?

---

शाळेची वाट | १७ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

ते इंजिन ऑइलच आहे याची खात्री केलीत का? माझ्या गाडीखाली असाच डाग होता आणि मी महिनाभर इंजिनाला दोष देत होतो. शेवटी पांढरा पुठ्ठा ठेवला तर थेंब लालसर निघाले. पॉवर स्टिअरिंगचा पाइप गळत होता.

पुठ्ठ्यावर रंग लगेच कळतो. इंजिन ऑइल तपकिरी ते काळं. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास, एकदा घेतला की विसरत नाही. कूलंट हिरवं किंवा गुलाबी, चव गोड असते म्हणतात, पण विषारी आहे, चाखायचं नाही. एसीचं नुसतं पाणी. ब्रेक ऑइल फिकट, बोटाला पातळ लागतं. ते दिसलं तर गाडी जागची हलवू नका. पुठ्ठ्यावर पुढच्या चाकांच्या खुणा करून ठेवा, म्हणजे थेंब इंजिनाच्या कुठल्या बाजूचा तेही समजतं.

---

घाटमाथा | १९ नोव्हेंबर, रात्री ८.५०

पुठ्ठा ठेवला. तपकिरी-काळं, इंजिन ऑइलच. मिस्त्रीदादा, थेंब बंद गाडीखालीही पडतात. पहिल्या तासात जास्त, मग कमी होत जातात. घाट चढून आल्यावर डाग मोठा असतो.

काल सुट्टी काढून इंजिन धुतलं. गार इंजिन, बॅटरीची वायर सोडलेली, अल्टरनेटर आणि प्लगच्या कॉइलवर प्लास्टिकच्या पिशव्या रबरबँडने बांधलेल्या. जुना रंगाचा ब्रश आणि थोडं डिझेल, मग इंजिन क्लीनर, मग बेताचं पाणी. प्रेशरचा पाइप मारला नाही. घाण तेल-पाणी परातीत धरलं आणि कॅनमध्ये भरून ठेवलंय; भंगार तेल नेणाऱ्याला देणार, गटारात जाऊ दिलं नाही. तीन तास लागले. बाबांच्या वेळचा इंजिनाचा पत्रा पहिल्यांदाच नीट दिसला.

सगळं सुकल्यावर ब्लॉकच्या मागच्या बाजूला आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर टाल्कम पावडर फवारली. आज वाईला जाऊन आले, येऊन-जाऊन ७० किमी. टॅपेट कव्हरच्या मागच्या डाव्या कोपऱ्यातून पावडरवर एक ओली रेघ खाली आली आहे, थेट सांध्यापर्यंत. गिअरबॉक्सच्या खालच्या तपासणीच्या भोकात कापूस गुंडाळलेली काडी घालून बघितली, आत कोरडं आहे.

मला वाटतं सील ठीक आहे. बरोबर ना?

---

मिरजेचा मिस्त्री | १९ नोव्हेंबर, रात्री ९.३०

बरोबर. मागचं सील गेलं असतं तर आतून ओलं झालं असतं, आणि चढाला क्लच सरकायला लागला असता.

पण टॅपेट कव्हरच्या कडेचं रबरी पॅकिंग नुसतं बदलून थांबू नका. पॅकिंग का गेलं हे बघा. इंजिनाचा श्वास कोंडला असला तर नवीन पॅकिंगपण वर्षभरात घामेजतं.

पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा गॅस खाली इंजिनाच्या पोटात, क्रँककेसमध्ये, उतरतोच, नव्या इंजिनातही. तो बाहेर काढायला पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि ब्रीदरची नळी असते. इनटेकची ओढ तो गॅस खेचून परत जाळायला घेते. हा व्हॉल्व्ह तुंबला की आत दाब चढतो आणि दाब वाट शोधतो. आधी टॅपेट कव्हर, मग वरच्या कॅमच्या दांड्याचं सील, मग खालच्या क्रँकच्या दांड्याचं. घाटात जोर लावला की गॅस जास्त, म्हणून तुमचा डाग घाटानंतर मोठा.

साधी तपासणी : इंजिन गरम करा, आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालू ठेवा, तेल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर डॉक्टर वापरतात तो रबरी हातमोजा घट्ट ताणून बसवा. बाही, ओढणी, केस फिरणाऱ्या बेल्टपासून लांब ठेवा. मोजा थोडा आत ओढला गेला तर श्वास ठीक. फुगून उभा राहिला तर कोंडलाय.

---

ओ-रिंग | १९ नोव्हेंबर, रात्री ११.१०

कुपवाड एमआयडीसीत रबराच्या कामात आहे, म्हणून थोडं रबराविषयी.

पॅकिंग घट्ट राहतं ते त्याच्या उसळीमुळे. दाबलेलं रबर सतत परत उठायला बघतं आणि दोन पत्र्यांमधली फट भरून ठेवतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि तेल सोसून ते कडक होतं, दाबलेल्या आकारातच थिजतं. काढलेलं जुनं पॅकिंग बघा : गोल असायला हवी ती कड चपटी झालेली असेल आणि वाकवल्यावर काचेसारखी तुटेल. नायट्राइल रबर साधारण १०० ते १२० अंशांपर्यंत टिकतं, ॲक्रिलिक १५० च्या आसपास, फ्लोरोरबर २०० पर्यंत. बाजारात एकाच आकाराचे दोन भाव दिसतात, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. एक्झॉस्टच्या बाजूच्या जागेसाठी स्वस्त माल घेऊ नये.

आणि एक हिशेब. तेलाचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिली. मिनिटाला एक थेंब पडला तर १० तासांच्या रात्रीत ६०० थेंब, म्हणजे ३० मिली. महिन्याला ९०० मिली, जवळजवळ एक लिटर. एवढासा दिसणारा थेंब काडी रिकामी करू शकतो. म्हणून ‘थोडंच तर गळतंय’ हे मला पटत नाही.

---

घाटमाथा | २० नोव्हेंबर, रात्री ८.१५

मोजा फुगला. पाचही बोटं वर करून उभा राहिला. आई दारातून बघत होती, म्हणाली, ‘अगं हिचा जीव गुदमरतोय.’

पीसीव्ही व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरमध्येच बसवलेला आहे, गोटी पान्याने निघाला. हलवला तर खुळखुळ आवाज यायला हवा, अजिबात आला नाही. आत आटलेल्या काकवीसारखा काळा थर. नळीचंही तेच, आणि वळणावर नळी आतून मऊ पडून चिकटलेली. इतका थर का साचला असेल? तेल मी दर ८ हजार किमीला बदलते.

---

मिरजेचा मिस्त्री | २० नोव्हेंबर, रात्री ९.००

ताई, गोडोली ते पोवई नाका किती? फार तर दोनतीन किलोमीटर. एवढ्यात इंजिन नीट तापतच नाही. जळणातून तयार झालेलं पाणी आत साठतं, वाफ होऊन जात नाही, आणि तेलात मिसळून चिकट मेण होतं. कमी किमी पण लहान फेऱ्या, हे इंजिनाला मुंबई-बंगळुरूच्या लांब पल्ल्यापेक्षा जड. तुम्ही किलोमीटर न बघता सहा महिन्यांनी तेल बदला. आठवड्यातून एकदा तरी हायवेला अर्धा तास मोकळी पळवा.

व्हॉल्व्ह धुऊन परत लावू नका, नवीन घ्या. नळीपण.

---

कृष्णाकाठ | २१ नोव्हेंबर, दुपारी १.२०

माझी डिझेल, कराडची, २ लाख ८० हजार. मी दोन वर्षांपूर्वी गळती थांबवणारं औषध तेलात टाकलं आणि तेलही जाड, २०डब्ल्यू-५० केलं. गळती थांबली. एवढी खटपट करायची गरज आहे का? आणि मोज्याची तपासणी मी आत्ता केली, माझाही थोडा फुगला. म्हणजे माझंही तुंबलंय का?

---

ओ-रिंग | २१ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.४५

कृष्णाकाठ, डिझेलला पेट्रोलसारखी इनटेकची ओढ नसते, त्यामुळे मोजा किंचित फुगणं चालतं. झाकण काढल्यावर धाप लागल्यासारखा धूर भकाभका येत असेल तरच काळजी. तुमच्याकडे टर्बोची तेल परतीची नळी जरूर बघा, ती जागा नेहमीची.

औषधाबद्दल माझं मत वेगळं आहे. ती औषधं रबर फुगवतात. फिरत्या शाफ्टवरच्या सीलचा ओठ नुसता कडक झाला असेल तर उपयोग होतो, हे खरं. पण चिरलेलं पॅकिंग, सैल बोल्ट, तुंबलेला श्वास यांवर काहीच करत नाहीत, आणि चांगली सीलंही गरजेपेक्षा मऊ करतात. खूप चाललेल्या इंजिनांसाठीच्या तेलात असले घटक मोजून घातलेले असतात, ते मला जास्त बरं वाटतं. जाड तेलाचं म्हणाल तर गळती कमी दिसते, पण सकाळी गार इंजिनात ते वर चढायला वेळ घेतं आणि तेवढा वेळ कॅम कोरडा फिरतो. तुमच्या पुस्तिकेत उष्ण हवेसाठी जो जाडपणा चालतो म्हणून दिलाय, त्याच्या बाहेर जाऊ नका.

---

कृष्णाकाठ | २१ नोव्हेंबर, रात्री ८.००

पुस्तिका काढून बघितली. १५डब्ल्यू-४० पर्यंतच आहे. पुढच्या बदलीला तेच घालतो. आभार.

---

घाटमाथा | २४ नोव्हेंबर, रात्री ९.२०

काल पॅकिंग बदललं, घरीच. शेजारचे काका मदतीला होते. जसं झालं तसं लिहिते, कोणाला उपयोग होईल.

कॉइलच्या जागा मार्करने क्रमाने लिहून कॉइल काढल्या. दोन नंबरच्या प्लगच्या विहिरीत तेल होतं, बोटभर. म्हणजे प्लगच्या नळ्यांची गोल सीलंही गेली होती. कधीकधी चढाला गाडी एक ठोका चुकायची त्याचं कारण बहुतेक हेच. तेल चिंधीने टिपून मगच प्लग काढला, नाहीतर सगळं सिलिंडरमध्ये गेलं असतं.

जुनं पॅकिंग ओ-रिंग यांनी सांगितलं अगदी तसं, चपटं, वाकवल्यावर कडकन तुटलं. खाचेतला त्याचा भुगा काढण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. हेड ॲल्युमिनियमचं, म्हणून स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं नाही. प्लास्टिकची पट्टी वापरली आणि मग ब्रेक क्लीनरने पुसलं. वर उघड्या कॅमवर स्वच्छ कापड अंथरलं होतं.

फट बुजवायची सिलिकॉनची पेस्ट फक्त चार ठिकाणी लावली, पुढच्या कॅमच्या टोपीचे दोन कोपरे आणि मागच्या कॅमच्या टोपीचे दोन कोपरे. मुगाच्या दाण्याएवढं. काका म्हणत होते सगळीकडे लावू, पक्कं होईल. पण कडेने आत दबलेलं जादा सिलिकॉन तुटून तेलात पडतं आणि चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतल्या, जाळीत अडकतं, मग तेलच वर चढत नाही. एवढं वाचलं होतं म्हणून नाही म्हटलं.

बोल्ट मधून सुरू करून बाहेर, दोन फेऱ्यांत आवळले. माझ्या इंजिनाला ८ न्यूटन-मीटर आहे. टॉर्क पाना, म्हणजे आवळायचा जोर मोजणारा पाना, भाड्याने आणला. ८ म्हणजे किती कमी, हे हाताला कळल्यावर आश्चर्य वाटलं. मी अंदाजाने आवळलं असतं तर दुप्पट आवळलं असतं.

नवीन व्हॉल्व्ह, नवीन नळी. आज सकाळी मोजा पुन्हा बसवला. आत ओढला गेला.

---

मिरजेचा मिस्त्री | २४ नोव्हेंबर, रात्री ९.५५

ताई, मनापासून आनंद झाला. जादा आवळून हेडचे आटे गेलेल्या गाड्या माझ्याकडं दर महिन्याला येतात. ५० किमीनंतर एकदा आणि ५०० नंतर एकदा कड तपासा. आणि सांध्यात जुनं तेल साठलेलं असतं, ते चारपाच दिवस झिरपत राहील. घाबरू नका.

---

घाटमाथा | २ डिसेंबर, रात्री ८.४०

आठ दिवस झाले. कव्हरची कड पूर्ण कोरडी. वास बंद. पण पुठ्ठ्यावर अजून तीनचार थेंब पडतात, आणि आता जागा वेगळी आहे, पुढच्या बाजूला, तेलाच्या फिल्टरजवळ. दोन दिवस रडकुंडीला आले होते. खालचा तेल काढायचा ड्रेन नट बघितला, कोरडा. फिल्टरची कड हाताला कोरडी लागते, पण त्याच्या खालचा ब्लॉक ओला.

---

शाळेची वाट | २ डिसेंबर, रात्री ९.१०

फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकलाच चिकटून राहिलं आणि नवीन त्यावर बसवलं, असं होतं कधीकधी. पण मग गळती मोठी असते. तुमची तशी वाटत नाही.

---

मिरजेचा मिस्त्री | २ डिसेंबर, रात्री ९.४५

हे थेंब इंजिन चालू असताना पडतात की बंद असताना? फिल्टरच्या आसपास तेल दाबाखाली असतं. तिथंच ऑइल प्रेशर स्विच बसतो, तेलाचा दाब कमी झाला की लाल दिवा लावणारा. त्याचा वायरचा कप्लर काढून आत बघा. आणि तेलात टाकायचा चमकणारा रंग मिळतो, लहान बाटली. टाका, २०-३० किमी फिरा, रात्री अंधारात जांभळ्या प्रकाशाची टॉर्च मारा. नोटा तपासायची टॉर्चपण चालते.

---

घाटमाथा | ६ डिसेंबर, रात्री ११.०५

सापडली.

रंग टाकून लिंब फाट्यापर्यंत जाऊन आले. रात्री अंगणातला दिवा बंद केला, नोटांची टॉर्च काकांच्या दुकानातली. टॅपेट कव्हर पूर्ण काळं, म्हणजे तिथं काही नाही. खाली फिल्टरच्या वर स्विच, आणि त्याच्या वायरीच्या तोंडाशी हिरवट-पिवळा ठिपका लखलखत होता. कप्लर काढला तर आत तेल भरलेलं. आट्यांतून नव्हे, स्विचच्या पोटातला पडदा फाटून वायरीच्या बाजूने येत होतं. इंजिन सुरू करून काकांनी टॉर्च धरली, तेव्हा तो ठिपका डोळ्यांदेखत मोठा होताना दिसला.

नवीन स्विच आणला, आट्यांवर सांगितलेलं सीलंट लावून बेताने बसवला. कप्लर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतला. किल्ली फिरवल्यावर तेलाचा लाल दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो, हे तीनदा बघितलं.

---

मिरजेचा मिस्त्री | ७ डिसेंबर, सकाळी ६.५०

तो पडदा पूर्ण फाटला असता तर पंपाच्या दाबानं तेल पिचकारीसारखं गेलं असतं. हायवेला लाल दिवा लागला तर ‘पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ’ असं कधीच करू नका, तिथल्या तिथं इंजिन बंद.

आता एकच विचारतो. टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँकवरून कॅम फिरवणारा पट्टा, कधी बदललाय? त्याच्यामागं कॅमचं आणि क्रँकचं पुढचं सील असतं. इतके दिवस दाब तिथंपण होता. तेल बेल्टवर गेलं तर रबर फुगतं, दात सुटतात, आणि बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांत सिलिंडरचे व्हॉल्व्ह वाकतात.

---

घाटमाथा | ७ डिसेंबर, रात्री ८.३०

बाबांच्या वहीत नोंद आहे, १ लाख ६२ हजारला बदललाय. म्हणजे ८१ हजार झाले. वरचं कव्हर सोडून बघितलं, बेल्ट कोरडा आहे पण कडेला बारीक भेगा दिसतात. कॅमच्या सीलखाली किंचित ओल, ठिबकत नाही.

गुरुवारी बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, वॉटर पंप आणि पुढची दोन्ही सीलं एकदम बदलायला देतेय. हे घरी करणार नाही. सील बसवताना शाफ्टवर जुन्या ओठाची खाच पडली असेल तर नवीन सील एक-दोन मिलिमीटर मागेपुढे बसवायला सांगितलंय, म्हणजे ओठ नव्या जागेवर टेकेल.

---

ओ-रिंग | ७ डिसेंबर, रात्री ९.१५

बसवण्याआधी सीलच्या ओठाला स्वच्छ तेलाचं बोट फिरवायला सांगा. टेफ्लॉनच्या ओठाचं असेल तर मात्र कोरडंच बसवायचं. खोक्यावर लिहिलेलं असतं.

---

शाळेची वाट | ८ डिसेंबर, सकाळी ७.१५

फरशीचा डाग गेला का? आमच्याकडे शाळेच्या पटांगणात तसाच आहे.

---

घाटमाथा | १२ डिसेंबर, रात्री ९.००

बऱ्यापैकी. आईने आधी चुलीची राख जाड पसरून रात्रभर ठेवली, सकाळी झाडून काढली, मग कपड्यांची पावडर आणि गरम पाणी घालून घासलं. दोनदा केल्यावर सावलीएवढा राहिलाय. शहाबादी फरशी तेल पिते, त्यामुळे जितक्या लवकर कराल तितकं निघेल. ॲसिड लावू नका, फरशी खाऊन टाकतं.

बेल्टचं काम काल झालं. मिस्त्रीने जुनी सीलं हातात दिली, दोन्ही नखाने दाबल्यावर दबत नव्हती. शाफ्टवर खाच होती, अगदी बारीक, त्यामुळे सील जरा आत बसवलंय. आज आईला घेऊन वाईला गेले, येताना पाचवड फाट्याला थांबून पुठ्ठा गाडीखाली सरकवला आणि चहा घेतला. वीस मिनिटं. पुठ्ठा कोरडा होता. घरी आल्यावर तोच पुठ्ठा पुन्हा ठेवलाय, सकाळी बघून इथे लिहिते.

---

घाटमाथा | १३ डिसेंबर, सकाळी ६.२०

कोरडा.